सहमतीच्या घटस्फोटात मुलीच्या भेटीची अट कशी लिहून घ्यावी?

पुण्याचा बाबा (धागाकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. गेले दहा महिने मी पुण्यात आणि ती तिच्या आईबरोबर आजोळी नाशिकला, असे आम्ही वेगळे राहत आहोत. मारहाण, व्यसन किंवा पैशांची फसवणूक असा कोणताही आरोप आम्ही एकमेकांवर केलेला नाही. संसार जमला नाही, इतकेच. सहमतीने घटस्फोट घेण्याचे ठरले आहे आणि पत्नीच्या वकिलांनी अटींचा मसुदाही पाठवला आहे. त्यात मुलीविषयी एकच ओळ आहे: मुलीचा ताबा आईकडे राहील व वडिलांना तिला भेटण्याचा वाजवी अधिकार राहील.

ही ओळ वाचून मी अस्वस्थ आहे, कारण या दहा महिन्यांत मला मुलगी एकूण सहा वेळा भेटली आहे. कधी तिची परीक्षा असते, कधी मामाकडे कार्यक्रम असतो, कधी ती झोपलेली असते. पहिले पाच महिने मी दरमहा ठरावीक रक्कम पाठवत होतो. भेटी टाळल्या जात आहेत असे वाटल्यावर मी ती थांबवली, शाळेची फी मात्र भरत राहिलो. हे योग्य केले की नाही याबद्दल माझ्याच मनात शंका आहे. मागच्या भेटीत मुलगी माझ्याशी नीट बोललीही नाही, आणि तिचे कान भरले जात आहेत असा माझा समज झाला आहे.

त्यातच पत्नीला बंगळूरला नोकरी मिळण्याची शक्यता आहे, असे तिने स्वतःच सांगितले.

माझी आई म्हणते की पाच वर्षांपर्यंतच मूल आईचे, त्यानंतर कायद्याने बापाचे, तेव्हा सही करूच नकोस. एका मित्राने तर असे सुचवले की दिवाळीच्या सुटीत मुलीला पुण्याला आण, इथल्या शाळेत नाव घाल आणि मग काय करायचे ते त्यांना करू दे. बाप स्वतःच्या मुलीला पळवून नेऊ शकत नाही असे न्यायालयानेच म्हटले आहे, असे तो सांगतो. हा सल्ला मला पटत नाही, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा तोच आठवतो, हेही कबूल करतो.

मला मुलीचा ताबा हवा आहे असे मी म्हणत नाही. माझी नोकरी पाळीची आहे, आणि ती तिच्या आईजवळ चांगली राहते हे मला दिसते. परंतु ती मोठी होताना मी तिच्या आयुष्यात पाहुण्यासारखा नसावा, एवढीच इच्छा आहे. कायद्यात यासाठी काय आधार आहे, आणि अटीत नेमके काय लिहून घ्यावे?

वहिवाट

मी सुमारे वीस वर्षे कुटुंब न्यायालयात वकिली करत आहे. आपली कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, तेव्हा पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा आणि सही करण्यापूर्वी स्वतःच्या वकिलांशी बोलावे. पत्नीच्या वकिलांचाच मसुदा दोघांसाठी पुरेसा आहे असे समजून चालू नये.

प्रथम आपल्या आईंच्या म्हणण्याविषयी. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये वडिलांना आणि त्यांच्यानंतर आईला नैसर्गिक पालक म्हटले आहे, व पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे पुढे जोडले आहे. यावरून लोक असे अनुमान काढतात की पाचव्या वाढदिवसाला मूल आपोआप वडिलांकडे जाते. तसे कोठेही लिहिलेले नाही. त्याच कायद्याचे कलम 13 सांगते की मुलाचे हित हीच सर्वोच्च कसोटी होय, आणि त्या कसोटीपुढे नैसर्गिक पालक कोण हा प्रश्न मागे पडतो. ‘वडिलांच्या नंतर’ या शब्दांचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. पाच वर्षांच्या नियमाचे वजन किती, हे समजून घ्यायचे असेल तर गोव्यातून गेलेले रोक्सान शर्मा प्रकरण पाहावे. मूल तेव्हा अगदी लहान होते आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते वडिलांकडे ठेवले होते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बदलला आणि एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आई अयोग्य आहे हे दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर टाकली. पाच वर्षांनंतर हे झुकते माप आईला राहत नाही; पण म्हणून ते वडिलांना मिळते, असेही होत नाही. सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत न्यायालय तिची शाळा, तिचा दिनक्रम, घरी तिच्यासाठी कोण उपलब्ध असते आणि आजवर तिचे कोणी केले, हेच पाहील. पाळीच्या नोकरीविषयी आपण जे प्रामाणिकपणे लिहिले आहे, त्याचा विचार तिथेही होईलच.

मित्राच्या सल्ल्याविषयी मला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्यायालयाचा मनाई आदेश नसताना वडिलांनी स्वतःच्या मुलाला आईकडून नेले म्हणून अपहरणाचा गुन्हा होत नाही, असे म्हटले, हे खरे. मात्र गुन्हा न होणे आणि ते कृत्य शहाणपणाचे असणे यांत मोठे अंतर आहे. मुलीला आपण परत पाठवले नाही, तर तिची आई उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे बेकायदा ताब्यात ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करा अशी मागणी करणारी, याचिका दाखल करू शकते. मुलाचा ताबा कायदेशीर आधाराशिवाय ठेवला असेल तर ही याचिका चालते, हे तेजस्विनी गौड प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. मग सुटीतल्या आठ दिवसांचा वापर आपण कशासाठी केलात हा प्रश्न पुढील प्रत्येक न्यायाधीशांसमोर उभा राहील, आणि मुलगी मधल्या सत्रात दोन शाळा बदलेल ते वेगळेच. माझ्याकडे असे पक्षकार आले आहेत. त्यांची पहिली दोन वर्षे केवळ त्या आठ दिवसांचे स्पष्टीकरण देण्यात गेली.

थांबवलेली रक्कम कृपया या महिन्यातच पुन्हा सुरू करा, आणि मागील पाच महिन्यांची बाकीही बँकेतून भरा. निर्वाहाचा खर्च हा मुलीचा हक्क आहे, भेटीचे शुल्क नव्हे. भेट दिली नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत आणि पैसे थांबले म्हणून भेट नाकारता येत नाही. या दोन्ही गोष्टींसाठी दोन वेगळे अर्ज असतात. आई-वडिलांनी आपसांत लिहून दिले तरी मुलीचा हा हक्क सोडून देता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. रक्कम किती असावी यावर मतभेद झाला, तर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. ते प्रकरण मूळचे नागपूरच्या कुटुंब न्यायालयातले आहे. अंतरिम पोटगीचा वाद 2013 पासून चालला आणि सात वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात मिटला. एवढ्या अवधीत आपली मुलगी आठवी-नववीत पोचेल.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. ‘वाजवी अधिकार’ हे शब्द मसुद्यातून काढून टाकण्याचा आग्रह धरा. त्यांत दुष्टपणा नसतो, पण ते अमलात आणता येत नाहीत. अंमलबजावणीचा अर्ज घेऊन आपण न्यायालयात जाता तेव्हा पहिला प्रश्न हा असतो की आदेशाचा भंग नेमका कोणत्या दिवशी व किती वाजता झाला, आणि ‘वाजवी’ या शब्दाचा भंग कोणत्याच दिवशी झालेला दाखवता येत नाही. म्हणून वार, वेळ, जागा आणि नेणारी-आणणारी व्यक्ती, हे चारही लिहा. उदाहरणार्थ, दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी 10 पासून रविवारी सायंकाळी 6 पर्यंत मुलगी वडिलांकडे राहील. वडील तिला नाशिकच्या घरून घेतील व तिथेच आणून सोडतील. एखादी भेट आजारपण किंवा परीक्षेमुळे झाली नाही तर ती पुढील शनिवारी भरून दिली जाईल. भरून देण्याची ओळ बहुतेक मसुद्यांत नसते आणि बहुतेक भांडणे तिच्या अभावीच होतात. उन्हाळ्याची व दिवाळीची सुटी निम्मी-निम्मी करावी. गणपती आणि दिवाळी यांची एकाआड एक वर्षे वाटणी करावी, म्हणजे या वर्षी गणपती आपल्याकडे तर लक्ष्मीपूजन आईकडे, व पुढील वर्षी उलट. वाढदिवस विसरू नका.

फोनचीही तरतूद हवी. यशिता साहू प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबरच संपर्काच्या हक्काचा वेगळा उल्लेख केला आणि ज्या पालकाकडे मूल राहत नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटे व्हिडिओवर बोलता यावे असे म्हटले. शाळेच्या नोंदीत दोघांचेही फोन क्रमांक राहतील, प्रगतिपुस्तक व पालकसभेची सूचना दोघांना मिळेल, शस्त्रक्रियेसारखा मोठा वैद्यकीय निर्णय एकमेकांना कळवून घेतला जाईल, या गोष्टी आज क्षुल्लक वाटल्या तरी लिहून घ्याव्यात.

बंगळूरचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. आपण नकार देऊन पत्नीची नोकरी अडवू शकाल असे समजू नका. विक्रम वीर व्होरा प्रकरणात सहमतीनेच घटस्फोट झाला होता, मुलगा आईकडे होता आणि वडिलांच्या भेटी ठरलेल्या होत्या. पुढे आईला कामानिमित्त ऑस्ट्रेलियाला जायचे होते. वडिलांनी विरोध केला, न्यायाधीश स्वतः मुलाशी बोलले, आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईला मुलासह जाण्याची मुभा कायम ठेवली. ताब्याचे व भेटीचे आदेश कधीच दगडावरची रेघ नसतात, परिस्थिती बदलली की बदलता येतात, हे त्या निकालाचे सूत्र आहे आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्येही तशी सोय आहे. ती सोय आपल्यालाही तितकीच उपलब्ध आहे. त्यामुळे स्थलांतराला मनाई करणारी अट मागण्यापेक्षा, स्थलांतरापूर्वी किमान 60 दिवस लेखी कळवावे आणि तसे झाल्यास महिन्यातील दोन मुक्कामांऐवजी एक मुक्काम, अधिक सुटीतील मोठा वाटा, व प्रवासखर्च अमुक प्रमाणात, अशी पर्यायी व्यवस्था आताच लिहून ठेवा. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालील अर्ज मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या न्यायालयात करावा लागतो. म्हणजे आज नाशिक, उद्या कदाचित बंगळूर. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा वर्ग करायचा तर सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. सगळे नाशिकमध्ये असतानाच अटी पक्क्या करण्यात आपला फायदा आहे, तो यासाठी.

घटस्फोटाच्या अर्जासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, हे आपल्या वकिलांनी सांगितलेच असेल. आपल्या हातात दोन महिने आहेत. ते मसुद्यावर खर्च करा.

गोदाकाठ

मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे ज्या घरी मूल राहते त्या बाजूने लिहीत आहे. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे आणि आमचा घटस्फोट होऊन सहा वर्षे झाली. वरील प्रतिसादातील बहुतेक सर्व गोष्टी मला मान्य आहेत, परंतु एका मुद्द्यावर थोडे वेगळे मत आहे.

‘परीक्षा असते, कार्यक्रम असतो, झोपलेली असते’ हे आपण ज्या सुरात लिहिले आहे, त्यावरून आपण ती निमित्ते समजता असे दिसते. काही निमित्ते असतीलही. पण मूल खरोखरच झोपलेले असते. सात वर्षांचे मूल रात्री नऊला झोपते, आणि पाळी संपवून साडेनऊला फोन करणाऱ्या वडिलांना ते दहापैकी आठ वेळा झोपलेलेच सापडते. आमच्याकडे नेमके हेच घडत होते. मी खोटे बोलते असे मुलाच्या वडिलांना वाटत होते आणि ते मुद्दाम छळतात असे मला वाटत होते. शेवटी संध्याकाळी सात ते सव्वासात ही वेळ ठरली आणि ते जेवणाच्या सुटीत फोन करू लागले, तेव्हा हा विषय एका आठवड्यात संपला.

पैशांबद्दल मात्र मी रागाने लिहिणार आहे, त्याबद्दल क्षमस्व. आपण फी भरत राहिलात हे चांगलेच केले. पण मुलीला फीशिवाय रोज दूध लागते, रिक्षा लागते, ताप आला की औषध लागते, आणि ती रक्कम थांबते तेव्हा तिची आई आपल्या माहेरच्यांसमोर मिंधी होते. त्यानंतर त्याच माहेरच्या उंबऱ्यावर आपण मुलीला न्यायला उभे राहता, तेव्हा तिथे आपले स्वागत कसे होईल याचा विचार करावा. वकीलसाहेबांनी दोन वेगळे अर्ज म्हटले ते कायद्याने बरोबर आहे. घरात मात्र ते कधीच वेगळे राहत नाहीत.

आता मतभेदाचा मुद्दा. पहिल्या महिन्यापासूनच शनिवार-रविवारचा मुक्काम लिहून घ्यावा, हे मला घाईचे वाटते. दहा महिन्यांत सहा भेटी झालेल्या मुलीला अचानक पाच तासांचा प्रवास करून पुण्याला दोन दिवस राहायला नेले, तर ती रात्री रडेल, फोन आईकडे जाईल, आणि पुढच्या वेळी देताना आईचा जीव होणार नाही. माझा मुलगा पहिल्या मुक्कामाला गेला तेव्हा मी रात्रभर जागी होते, आणि संशयापेक्षा काळजीच जास्त होती. पहिले दोन महिने आपण नाशिकला यावे, दिवसभर तिला घेऊन फिरावे, संध्याकाळी सोडावे, आणि मुक्काम तिसऱ्या महिन्यापासून सुरू करावा. अटीत हे टप्पे तारखांसह लिहिता येतात. आमच्या अटींत तसेच लिहिले होते.

आणि संधी मिळाली तर आपल्या पत्नीला विचारा की बंगळूरला मुलीचे शाळेनंतरचे तास कोण पाहणार आहे. भांडण्यासाठी विचारू नका. तिलाही तो प्रश्न रात्री जागवत असेल.

निवृत्त समुपदेशक

कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून मी दीर्घकाळ काम केले. ‘कान भरणे’ या शब्दाविषयी काही सांगावेसे वाटते, कारण माझ्यासमोर आलेल्या जवळजवळ प्रत्येक वडिलांनी आणि बऱ्याच आयांनीही तो वापरला.

मुले कधीकधी खरोखरच शिकवून पाठवलेली असतात. ते ओळखू येते, कारण शिकवलेले मूल मोठ्यांचे शब्द वापरते. सात वर्षांचे मूल ‘बाबांनी आमची जबाबदारी टाळली’ असे स्वतःहून म्हणत नाही. परंतु जे मूल गप्प बसते, हातातल्या खेळण्याकडे पाहत राहते, आणि ‘घरी कधी जायचे’ एवढेच विचारते, ते बहुधा शिकवलेले नसते. त्याला एवढेच कळलेले असते की इथे आनंदी दिसलो तर तिथे कोणाला तरी वाईट वाटेल. आपली मुलगी नीट बोलली नाही असे आपण लिहिले, काही टोचून बोलली असे लिहिले नाही. म्हणून मी आपल्याला थांबायला सांगेन.

न्यायालयेही या बाबतीत आता सावध झाली आहेत. 2017 मध्ये विवेक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याच्या प्रकाराची गंभीर दखल घेतली होती. त्यानंतर हा आरोप अर्जाअर्जांत छापील मजकुरासारखा दिसू लागला. मे 2024 च्या एका निकालात त्याच न्यायालयाने बजावले की ठोस वर्तन दाखवल्याशिवाय अमुक पालक मूल तोडतो आहे असा शिक्का घाईने मारू नये. तेव्हा हा आरोप आपल्या कोणत्याही पत्रात किंवा संदेशात लिहू नका. लिहिलेला शब्द परत घेता येत नाही, आणि सहमतीच्या अर्जाचे वादाच्या अर्जात रूपांतर व्हायला एवढे एक वाक्यही पुरते.

सहमतीच्या अर्जातही दोघांना समुपदेशकासमोर बसावे लागते. लोक तो एक सोपस्कार समजतात आणि पाच मिनिटांत ‘सर्व ठरले आहे’ असे सांगून उठू पाहतात. आपण तसे करू नका. तिथे झालेले बोलणे गोपनीय समजले जाते, वकील बाहेर असतात, आणि मुलीच्या वेळापत्रकावर शांतपणे बोलण्याची तशी जागा आपल्याला पुन्हा मिळणार नाही. मी जोडप्यांसमोर एक कोरी दिनदर्शिका ठेवत असे आणि त्यांना मुलाच्या शाळेच्या सुट्या पेन्सिलीने रंगवायला सांगत असे. बरेच वडील त्या वेळी प्रथमच शाळेची सुटी केव्हा लागते हे विचारत. आपण ते आधीच माहीत करून घेऊन गेलात तर पुष्कळ फरक पडेल.

भेटीच्या जागेविषयी. न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत भेट ठरवण्याचा पर्याय कोणी सुचवला, तर आपल्या बाबतीत तो टाळावा. ती खोली जिथे संशय किंवा भीती आहे अशा प्रकरणांसाठी उपयोगी आहे, आणि तिथे ती मोलाची आहे. पण तिथे मूल खेळते आणि त्याच वेळी दाराकडे पाहत असते.

सात वर्षांच्या मुलीला ‘तुला कोणाकडे राहायचे’ हे कोणीही विचारू नये. मूल समजून मत देण्याइतके मोठे असेल तर त्याचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते, असे 1890 च्या कायद्यात आहे. मात्र ते काम न्यायाधीशांचे आहे, आजीचे नाही. श्रीमती गोदाकाठ यांनी सुचवलेल्या टप्प्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे.

दोन घरांतली

मी सव्वीस वर्षांची आहे. माझे आईवडील मी आठ वर्षांची असताना वेगळे झाले, आई चिंचवडला आणि बाबा साताऱ्याला. वरचे सर्व प्रतिसाद मोठ्या माणसांचे आहेत, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

दर दुसऱ्या शनिवारी मी साताऱ्याला जात असे, आणि जाताना एक पिशवी असे. त्या पिशवीचा मला फार राग येई. त्यात कपडे, गृहपाठाची वही, कंपासपेटी आणि एक उशी असे, आणि दर वेळी काहीतरी एका घरी राहून जाई. सोमवारी शाळेत ‘वही सातारला राहिली’ असे सांगितले की वर्गात सगळे वळून पाहत. मग बाबांनी काय केले, तर माझ्यासाठी दुसरी कंपासपेटी, दुसरी उशी, घरात घालायचे चार कपडे आणि पुस्तकांचा एक जुना संच तिथेच आणून ठेवला. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी पाहुणी राहिले नाही. आपण पाहुण्याचा उल्लेख केलात म्हणून सांगते: आपण तिच्या आयुष्यात पाहुणे नसावे असे वाटत असेल, तर आधी ती आपल्या घरात पाहुणी नसावी. ही गोष्ट कोणत्याही अटीत लिहिता येणार नाही, परंतु तिला खर्च फार येत नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीची. आमच्याकडे फराळ दोन्ही घरी होत असे आणि दोन्हीकडच्या आज्या मला विचारत की चकली कुणाची चांगली झाली. त्या प्रेमानेच विचारत, आणि मी दोन्हीकडे ‘तुझीच’ म्हणत असे. मला त्या वयात वाटे की मी खोटारडी आहे. आपली आई ‘मूल बापाचेच’ म्हणते ते मुलीच्या कानावर पडणार नाही, एवढी काळजी आपण घ्यावी.

सुटीत न विचारता ठेवून घेण्याविषयी: माझ्या शेजारच्या एका मुलाच्या बाबतीत तसे झाले होते. त्यानंतर तो कितीतरी वर्षे कोणाच्याही गाडीत मागच्या आसनावर बसत नसे.

पुण्याचा बाबा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात काही गोष्टी केल्या.

थांबवलेली रक्कम बाकीसह भरली. त्याबरोबर कोणताही संदेश पाठवला नाही. गोदाकाठ, आपण रागावून लिहिलेला परिच्छेद मी दोनदा वाचला. तो योग्यच होता. फोन मी खरोखरच साडेनऊनंतर करत होतो. आता सव्वासातला करतो आणि वरिष्ठांना तसे सांगून ठेवले आहे.

वहिवाट यांनी सुचवल्याप्रमाणे मसुदा पुन्हा लिहून घेतला, त्यात टप्पे घातले, भरपाईच्या भेटीची ओळ घातली, आणि बंगळूर झाल्यास काय करायचे तेही लिहिले. पत्नीने तो वाचून तीन बदलांसह परत पाठवला. पहिला बदल, मुलीला नेण्या-आणण्यासाठी ती स्वतः संगमनेरपर्यंत येईल, म्हणजे मला एका दिवसात नाशिकच्या दोन फेऱ्या कराव्या लागणार नाहीत. हे मी मागितलेही नव्हते. दुसरा, बंगळूरला गेल्यास प्रवासखर्च निम्मा-निम्मा. ते मान्य आहे.

तिसऱ्या बदलावर माझे वकील हरकत घ्या म्हणतात. रोजच्या फोनच्या अटीपुढे तिने असे लिहिले आहे: मुलीला त्या दिवशी बोलायचे नसेल तर ती तसे वडिलांना स्वतः सांगू शकेल. वकिलांच्या मते ही पळवाट आहे. मला ठरवता येत नाही.

वहिवाट

आपल्या वकिलांची शंका अनाठायी नाही. ‘मुलीची इच्छा नसल्यास’ एवढेच लिहिलेले असते तर मीही हरकत घेतली असती, कारण ती इच्छा काय होती हे नंतर दुसरेच कोणी सांगत बसते. इथे मात्र ‘स्वतः’ आणि ‘वडिलांना’ हे दोन शब्द आहेत. म्हणजे फोन लागलाच पाहिजे, मुलगी फोनवर आलीच पाहिजे, आणि नकार तिच्याच तोंडून आला पाहिजे. हा अर्थ निःसंदिग्ध करायचा असेल तर ‘फोनवर येऊन’ असे आणखी दोन शब्द घालून घ्या आणि सही करा.

दोन घरांतली

सही करा. मी एकदा बाबांना फोनवर सांगितले होते की आज मला बोलायचे नाही, कार्टून लागले आहे. ते म्हणाले, बरे, कोणते लागले आहे? मग मी वीस मिनिटे तेच सांगत बसले.